ओल्या आंब्याचा घनफूट

सकाळी 6.30. पनवेलहून नेऱ्याकडे जाताना रस्त्यालगतची एक वाडी. आंबा काल पाडला. झाडतोडीच्या 1964 च्या कायद्याच्या यादीत आंबा आहे, म्हणून परवानगीचा कागद आधी, कटर नंतर. ओंडके चिखलात पडलेत. कापलेल्या तोंडाला हात लावला की बोटं ओली होतात. आज हे पाणीही चार रुपये किलोने विकलं जाणार.

7.15. वखारीचा मापाडी फीत काढतो. पन्नाशीचा गडी, कानावर पेन्सिल, रोज 800 रुपये. ओंडक्याचा मधला घेर 60 इंच, लांबी 8 फूट. घेराचा चौथा हिस्सा 15. पंधरा पंधरा सव्वादोनशे, गुणिले 8, भागिले 144. "साडेबारा," म्हणतो आणि ओंडक्यावर खडूने लिहितो. हाच ओंडका गोल धरून मोजला तर जवळजवळ 16 घनफूट भरतो. चौथाईच्या मापात पाचवा हिस्सा आधीच गळतो, साल आणि करवतीच्या नावाखाली. याची कोष्टकं एडवर्ड हॉपस नावाच्या इंग्रजाने 1736 मध्ये छापली. वखारीत त्याचं नाव कुणी घेत नाही, हिशेब मात्र तोंडपाठ.

8.30. ओट्यावरून आजी विचारतात, "किती झालं रे?"

"दीडशे घनफूट, आजी. पावणेपाच टनाच्या वर जाईल."

"ते काट्यावर बघू."

ओल्या आंब्याला घनफुटामागे 32 किलो, हा मापाड्याचा आकडा. पण तो चौथाईच्या घनफुटाचा. गोल मापाला पंचवीसच लागू पडतो. दोन्हींची गल्लत झाली की टनभर लाकूड कागदावर वाढतं नाही तर नाहीसं होतं. भांडणं बहुतेक इथलीच.

9.00. चार हमाल, दोन पहारी, दोर, उताराला दोन जाड फळ्या. एकेक ओंडका चारशे किलोच्या घरात. मापाडी आधी चिखल खरवडून घेतो. तोही तोलला जातो. हमाली माणशी 900. मधे चहा, दहा रुपये कप.

11.20. वजनकाटा. पावतीचे 100 रुपये. रिकामी गाडी सकाळीच तोलली होती, 4,300 किलो. "उतरा रे सगळे!" मापाडी ओरडतो. चार हमाल वर बसून राहिले तर अडीचशे किलो, म्हणजे हजार रुपये. सगळे उतरतात. भरलेली गाडी 9,130. निव्वळ 4,830. वहीत तो भागाकार करतो: 32.2. पुढे बोलत नाही.

1.00. तांदळाची भाकरी, सुकट. गाडीच्या सावलीत.

2.30. वखार. करवतीचा पट्टा फिरतो, भुस्सा उडतो. निम्माअधिक माल फळी म्हणून हाती येतो. बाजूच्या सालीच्या फळ्या जळणात, भुस्सा पोत्यांनी. फळ्या जातील न्हावा-शेवाच्या मालाखालच्या पॅलेटांना. परदेशी जाणारं लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर सलग 30 मिनिटं तापवावं लागतं, कीड जाऊ नये म्हणून. फळीचं वजन आता कुणी विचारत नाही. इथून पुढे भाव घनफुटाचा.

6.00. आजींचा मुलगा 19,320 रुपये दोनदा मोजून घेतो.

झाड विकणाऱ्याने वजनाचा भाव ठरवावा आणि माल त्याच दिवशी काट्यावर न्यावा. हाच आंबा सावलीत नीट वाळला की वजनाचा तिसरा हिस्सा उडून जातो. घनफूट जवळजवळ तेवढाच राहतो.