हप्त्याहप्त्याने खर्च होणारी वाफ

औष्णिक वीज केंद्रातला टर्बाइन हॉल पाहायला येणाऱ्यांची थोडी निराशाच होते. बॉयलरची धग निदान जाणवते, पट्ट्यांवरून धावणारा कोळसा दिसतो. इथे मात्र स्वच्छ फरशी, पत्र्याची गुळगुळीत आवरणं आणि एकसुरी घोंघाट. हलताना काही म्हणजे काही दिसत नाही. त्या आवरणांखाली कित्येक टनांचा रोटर मिनिटाला 3000 फेरे घेत असतो आणि तो बेअरिंगला टेकलेलाही नसतो. मधल्या तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून जनरेटर सेकंदाला 50 वेळा फिरायला हवा, आणि एकाच शाफ्टवर बसलेल्या टर्बाइनलाही तीच चाल धरावी लागते.

वाफेच्या जोराने चाक फिरतं हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होतं. अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने पहिल्या शतकात वाफेवर गरगरणारा पोकळ गोळा वर्णन करून ठेवला आहे. गाडं अडलं ते वाफेच्या वेगापाशी. जास्त दाबाची वाफ एकदम मोकळी सोडली की झोत आवाजाच्याही पुढे पळतो, आणि त्याच्याकडून नीट काम काढून घ्यायचं तर पातीही त्याच्या निम्म्या वेगाने धावायला हवी. स्वीडनच्या गुस्ताफ द लाव्हालने हे आव्हान सरळ अंगावर घेतलं. त्याचं टर्बाइन मिनिटाला 30,000 फेऱ्यांपर्यंत जाई. तो वेग कामाजोगा करायला मग गिअर लावावे लागत.

इंग्लंडमध्ये चार्ल्स पार्सन्सने 1884 साली निराळी वाट काढली. सगळा दाब एकदम उतरवायचाच कशाला? तो हप्त्याहप्त्याने उतरवू. कवचाला पक्क्या बसवलेल्या पात्यांची एक रांग, मग रोटरवरच्या फिरत्या पात्यांची एक, पुन्हा स्थिर, पुन्हा फिरती. स्थिर पात्यांच्या निमुळत्या फटींतून वाफ थोडा दाब सोडते, थोडा वेग घेते आणि नेमक्या कोनातून पुढच्या रांगेवर येते. फिरती पाती तिची दिशा वळवतात. वाफ वळताना पातीला रेटते, तो रेटा शाफ्टला मिळतो. पार्सन्सच्या रचनेत फिरत्या रांगेतही दाब थोडा उतरतो आणि निसटणारी वाफ पातीला मागे ढकलून जाते. त्याचं पहिलं यंत्रही मिनिटाला 18,000 फेरे घेई, पण वेग आवाक्यात आणायची युक्ती सापडली होती.

पार्सन्स नुसता हिशेबी नव्हता. 1897 साली राणी व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवासाठी ब्रिटिश आरमार स्पिटहेडला रांगेत उभं असताना त्याने आपली ‘टर्बिनिया’ ही छोटी बोट त्या रांगांमधून बेधडक पळवली. गस्तीच्या बोटींना ती सापडली नाही. नऊच वर्षांनी ‘ड्रेडनॉट’ ही टर्बाइनवर चालणारी युद्धनौका पाण्यात उतरली. अर्ज-विनंत्या करत बसला असता, तर दरबारी कारभारात किती वर्षं गेली असती कोण जाणे!

आता 500 मेगावॉटच्या संचात वाफेमागोमाग जाऊन पाहू. आत शिरताना तिचा दाब सुमारे 170 बार, तापमान 540 अंशांच्या घरात. अशी एक किलो वाफ जेमतेम 20 लिटर जागेत मावते. उच्च दाबाच्या भागातून निघाली की ती बॉयलरकडे जाऊन पुन्हा तापून येते, मग मध्यम आणि शेवटी कमी दाबाच्या भागात जाते. तिथून बाहेर पडेपर्यंत त्याच किलोभर वाफेला 13,000 लिटरच्या आसपास जागा लागते. म्हणून सुरुवातीची पाती बोटभर आणि शेवटची जवळजवळ मीटरभर. या शेवटच्या रांगेची टोकं आवाजाहून वेगाने फिरतात आणि तिथेच वाफेत पाण्याचे थेंब धरू लागतात. त्या वेगाला थेंबही पोलाद कुरतडतो. म्हणून पातीच्या कडेला कठीण मिश्रधातूची पट्टी लावतात.

माझ्या मते या यंत्राचं अर्धं श्रेय कोणी न पाहणाऱ्या कंडेन्सरला द्यायला हवं. टर्बाइनखाली थंड पाण्याच्या हजारो नळ्यांवर वाफेचं पाणी होतं आणि तिथला दाब हवेच्या दाबाच्या दहाव्या हिश्शावर येतो, म्हणून वाफेकडून शेवटपर्यंत काम काढून घेता येतं. कंट्रोल रूममध्ये ‘व्हॅक्युम’वर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवतात ती यासाठीच. विदर्भातल्या मे महिन्यात थंड करणारं पाणीच कोमट असतं. व्हॅक्युम उतरतो आणि तेवढ्याच कोळशात वीज कमी मिळते. एरवीही कोळशाच्या उष्णतेतला निम्म्याहून जास्त वाटा वायाच जातो, त्यातला मोठा भाग याच कंडेन्सरमधून.

साखर कारखान्याला ही उधळपट्टी परवडत नाही आणि करायची गरजही नाही. तिथल्या बॅक प्रेशर टर्बाइनमधली वाफ हवेच्या दाबाहून थोड्या जास्त दाबावरच बाहेर काढतात आणि उसाचा रस आटवायला नेतात. वीज तुलनेने कमी मिळते, पण उरलेली उष्णता साखरेच्या कामी येते. इंधन तर घरचंच, रस काढून उरलेलं बगॅस. सहवीजनिर्मितीच्या मोठ्या संचांत दोन्ही सोयी असतात: हवी तेवढी वाफ मधूनच काढून कारखान्याला द्यायची, बाकीची कंडेन्सरपर्यंत नेऊन जास्तीची वीज विकायची.

हंगाम संपला तरी गरम रोटर एकदम थांबवून चालत नाही. वरची बाजू गरम, खालची थंड राहिली की तो वाकतो. म्हणून ‘बॅरिंग गिअर’ लावून त्याला थंड होईपर्यंत संथपणे फिरवत ठेवतात. मग ओव्हरहॉलला वरचं कवच उचललं की पात्यांवर कधी पांढरट सिलिकाचे थर दिसतात. बॉयलरला दिलेलं पाणी वर्षभर कसं होतं, ते तिथे कळतं आणि लॅबवाल्यांना बोलावणं जातं.