पाहुणा कुठला, त्याची रीत कोणती: ट्रिपवाले, शॅकवाले आणि खोल्या देणाऱ्यांसाठी



१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी. होड्या वर ओढलेल्या, जाळी विणायला घेतलेली. हाताशी थोडा वेळ आहे, म्हणून हा विषय. आपल्यापैकी बऱ्याच घरांत आता मासळीबरोबर पर्यटनाचाही पैसा येतो. कोणी डॉल्फिन ट्रिप मारतो, कोणी शॅकवर काम करतो, कोणी दोन खोल्या भाड्याने देतो. मोपा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून पेडण्याच्या किनाऱ्यावर नवीन नवीन भागांतले लोक उतरतात. इंजिन, लाइफ जॅकेट, परवाना हे आपण बघतो. पण पाहुणा नाराज होऊन जातो तो बहुतेक वेळा इंजिनामुळे नाही, रीत न कळल्यामुळे.

संस्कृती म्हणजे नक्की काय?

नाच, गाणी, सण, कपडे हे वरचं झालं. ते दिसतं. काय खायचं, कोणाला हात लावायचा, काय विचारायचं, वेळ किती पाळायची हे आतलं. भरतीच्या वेळी खडक दिसत नाही, पण होडी त्यावरच आपटते, तसं हे आहे.

आपल्याच वाड्यावर बघा. हिंदू घरात सोमवारी किंवा एकादशीला मासळी शिजत नाही. शेजारच्या ख्रिश्चन घरात ईस्टरच्या आधी उपासाच्या शुक्रवारी मटण बंद, पण मासळी चालते. दोघंही उपासच करतात. आपल्याला हे लहानपणापासून माहीत, म्हणून कोणी कोणाला हसत नाही. पाहुण्याच्या बाबतीत एवढंच शिकायचं आहे.

ताटातली गोष्ट

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून नीट वाचा.

गुजरात-राजस्थानकडचे जैन पाहुणे मांस-मासळी तर खात नाहीतच, पण कांदा, लसूण, बटाटा अशी जमिनीखालची भाजीही पुष्कळजण खात नाहीत. "व्हेज आहे" म्हणून बटाट्याची भजी पुढे केली तर ती परत येते. मासळी तळलेल्या तेलात भजी तळणं हे तर कुठल्याही शाकाहारी माणसाला चालत नाही. कढई वेगळी ठेवा, आणि ती वेगळी आहे हे त्यांना दाखवा.

नवरात्रात उत्तरेकडचे लोक नऊ दिवस उपास करतात, कांदा-लसूणसुद्धा सोडतात. त्याच दिवसांत बंगाली माणूस दुर्गापूजा साजरी करतो आणि मासळी मागतो. त्यांच्याकडे मासा शुभ, लग्नातही मान माशाला. म्हणून "हिंदू पाहुणा, म्हणजे असंच" हे गणित चुकतं.

मुसलमान पाहुण्याला कोंबडी-मटण हलाल लागतं, मासळीला ती अडचण नाही. पण शिया पंथात बिनखवल्याचा मासा चालत नाही, सुंगटं चालतात. इस्रायलहून येणारे ज्यू लोक धर्म पाळणारे असतील तर ज्याला पर आणि खवले दोन्ही आहेत तोच मासा खातात. बांगडा, तारले चालतात. सुंगटं, कुर्ल्या, माणकी, तिसऱ्या, मोरी, शिंगाळा नाही. आपण सगळ्यात महाग माल म्हणून शेवंड दाखवायला जातो आणि तो मान हलवतो, कारण हे. त्यांच्यातले कितीतरी जण मात्र हे काही पाळत नाहीत. म्हणून अंदाज नको, विचारा.

एकच सूर्यास्त, दोन रीती

संध्याकाळच्या ट्रिपला हे मुद्दाम लक्षात ठेवा. धर्म पाळणारे जैन सूर्य मावळल्यावर खात नाहीत. रमझानच्या महिन्यात रोजा असलेला मुसलमान सूर्य मावळेपर्यंत पाण्याचा घोटही घेत नाही. दोन्ही कुटुंबं एकाच होडीत बसली, तर एकाला खाणं सूर्य वर असताना द्यायला हवं आणि दुसऱ्याला मावळल्यावर लगेच. तांडेलाने निघतानाच विचारलं तर खर्च काही नाही. चार खजूर आणि पाण्याची बाटली बाजूला ठेवली तर तो पाहुणा जन्मभर नाव काढील.

बोलणं, बघणं, हात लावणं

आपण "हो" म्हणताना मान दोन्ही बाजूंना हलवतो. परदेशी माणसाला ते "नाही" वाटतं, किंवा काहीच कळत नाही. गप्पांमध्ये ठीक, पण लाइफ जॅकेट आणि उतरण्याच्या सूचनांच्या वेळी तोंडाने स्पष्ट "येस", "नो" बोला, हाताने दाखवा, आणि त्याच्याकडून करून घ्या. इथे गैरसमज म्हणजे जिवाशी गाठ.

रशियन पाहुणा अनोळखी माणसाकडे बघून हसत नाही. तो रागावलेला नसतो, त्यांची रीतच तशी.

"लग्न झालं का? मुलं किती? पगार किती?" आपल्याकडे ही आपुलकी. युरोपच्या माणसाला हे खासगी वाटतं. त्यांच्या मुलाचा गालगुच्चा घेणं, उचलून फोटो काढणं, आईबापाला विचारल्याशिवाय नको. पोहणाऱ्या बायकांकडे टक लावून बघणं, मोबाईल धरणं तर कधीच नको. कपडे कमी म्हणजे बाई कशीही, असा अर्थ कोणी काढू नये. अशा एका प्रकाराने सगळ्या किनाऱ्याचं नाव जातं.

भाव आधी सांगा, एकच सांगा. काही देशांत घासाघीस करायची सवयच नाही. जास्त भाव लावल्याचं नंतर कळलं की त्यांना फसवल्यासारखं वाटतं. "पाच मिनिटांत" म्हणाल तर पाचच मिनिटं. आणि डॉल्फिनला चार होड्यांनी घेरून पाठलाग करू नका. आपल्याला वाटतं पाहुणा खूश होईल. पुष्कळांना ते बघवत नाही, आणि डॉल्फिनला त्रास होतो तो वेगळाच.

आपली रीतही सांगायची

दुसऱ्याचा मान राखणं म्हणजे आपलं सोडून देणं नाही. होडीच्या नाळीला आपण हळद-कुंकू लावतो, तिथे चपला घालून उभं राहू नका, हे पाहुण्याला शांतपणे सांगा. मासळी विकणाऱ्या बाईचा फोटो विचारून काढायला सांगा. सुकत घातलेल्या जाळ्यावरून चालू नका म्हणा. काही देवळांत परदेशी पाहुण्यांना आत सोडत नाहीत, ते दारात पोचण्याआधी सांगितलं तर अपमान होत नाही.

आणि आपल्या गोष्टी सांगा. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ का देतात. २९ जूनला ख्रिश्चन मच्छीमार होड्या जोडून सांगोड का करतात, तो सेंट पीटरचा दिवस आणि पीटर स्वतः मासेमार होता. रापण ओढायला इतकी माणसं का लागतात आणि वाटणी कशी होते. पाहुण्याला समुद्र सगळीकडे मिळतो. ही माहिती फक्त आपल्याकडे. मात्र पाहुण्याला हवी म्हणून खोटी पूजा किंवा खोटी रापण लावू नका. देवाची आणि धंद्याची सरमिसळ आपल्याच मुलांना उद्या खरं काय ते कळू देणार नाही.

बुकिंग घेताना पाच प्रश्न

१. काय खात नाही?
२. उपास, रोजा किंवा प्रार्थनेची वेळ आहे का?
३. सोबत लहान मुलं, म्हातारी माणसं आहेत का? पोहता येतं का?
४. कुठली भाषा समजते?
५. फोटो काढलेले, पेजवर टाकलेले चालतील का?

हे पाच प्रश्न वहीत लिहून ठेवा, मुलांना, खलाशांनाही पाठ करून द्या. देश किंवा धर्म ऐकून आधीच ठरवू नका. एकाच गावची दोन माणसं सारखी नसतात, हे आपल्याला मच्छी बाजारात रोज दिसतं.

तुमच्याकडे आलेल्या पाहुण्यांचे अनुभव असतील तर सोसायटीच्या ऑफिसात येऊन सांगा. पाहुण्यांचा हंगाम सुरू होण्याआधी एक संध्याकाळ बसून बोलूया. खोल्या सांभाळणाऱ्या बायकांनी नक्की यावं, पाहुण्याशी सगळ्यात जास्त बोलणं त्यांचंच असतं.

आपला,
सेक्रेटरी