ग्रिप आपल्या हाताची हवी!

कॉलेजच्या रेंजवर पहिल्यांदा एअर पिस्तूल धरलंत आणि दहा शॉट्समध्येच तळहात दुखायला लागला? लगेच ‘आपल्याला नाही जमणार’ म्हणू नका. ती ग्रिप दुसऱ्याच कुणाच्या तरी हाताची असेल!

१० मीटर प्रकारात एकाच हाताने, ७५ मिनिटांत ६० शॉट्स मारायचे असतात. दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम ११.५ मिलिमीटरचं. ग्रिप नीट बसत नसेल, तर दरवेळी पकड बदलते आणि नेम तिथेच हुकतो. म्हणून नेमबाज लाकडी ग्रिप आपल्या हातावर बेततात. पिस्तूल रिकामं आहे ना, हे बघून आधी ग्रिप काढून घ्यायची. टोचतं तिथे पॉलिश पेपरने घासायचं, पोकळी राहते तिथे पुट्टी भरायची. थोडं घासा, धरून बघा, मग पुन्हा घासा. मनगटाला आधार देणारी ग्रिप मात्र नियमात बसत नाही. आणि ट्रिगर, सेफ्टीला हात लावायचा नाही. ते आर्मररचं काम!

आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण जिंकलं. मेडलचं नंतर बघू. आधी पिस्तूल हातात तर नीट बसू दे!