दोघांची सहल : वऱ्हाडातल्या वऱ्हाडात

‘मधुचंद्र’ हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे काश्मीर, महाबळेश्वर नाही तर गोवा उभा राहतो. ही ठिकाणे रम्य आहेत यात शंका नाही. परंतु आपल्या वऱ्हाडातील बहुसंख्य जोडप्यांच्या वाट्याला ती येत नाहीत. येथे लग्नसराई संपते न संपते तोच पेरणीचे दिवस येतात. हळद उतरायच्या आत नवरी निंदणाला जाते आणि नवरा डवऱ्यामागे. पुढे मुले होतात, कर्ज होते आणि दोघांनीच कुठे जाण्याचा विषय कायमचा मागे पडतो. आमच्याकडे नवरा-बायको एकत्र प्रवास करतात तो मुख्यतः तीन कारणांनी : नात्यातले लग्न, दवाखाना आणि शेगावचे दर्शन. तिन्ही वेळा सोबत गोतावळा असतो.

गंमत अशी की, हा प्रांत रुक्मिणीचे माहेर आहे. वर्धा नदीकाठचे कौंडण्यपूर ही तिच्या वडिलांची राजधानी मानली जाते. आषाढीला तेथून तिची पालखी पंढरपूरला जाते. अमरावतीच्या अंबादेवीच्या दर्शनाला आलेल्या रुक्मिणीला श्रीकृष्णाने येथूनच रथात घालून नेले, अशी आख्यायिका आहे. म्हणजे दोघांनी मिळून घर सोडण्याची जी कथा देशभर भक्तिभावाने सांगितली जाते, ती आपल्या अंगणातली आहे! आणि त्याच अंगणात लग्नाच्या नवरा-बायकोने दोन दिवस बाहेर जायचे म्हटले तर लाजेने मान खाली घालावी लागते.

अशी सहल कशी आखावी, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचा विचार आहे. गेल्या वर्षी माझ्या दादा-वहिनीसाठी ती मीच आखली, त्यामुळे हे सारे अनुभवाचे आहे. त्यांच्या लग्नाला सहा वर्षे झाली होती. दोन खोल्यांच्या घरात आम्ही सहा माणसे. त्या सहा वर्षांत ती दोघे एकमेकांशी निवांत बोलली असतील असे मला वाटत नाही.

पहिला प्रश्न काळाचा. उन्हाळ्यात अकोला-अमरावतीत पारा ४५ अंशांपुढे जातो. तेव्हा फिरणे ही शिक्षाच. दिवाळीच्या सुमारास सोयाबीन घरी यायचे असते आणि पाठोपाठ कापसाचा वेचा सुरू होतो. मग उरते काय? पोळा झाला, महालक्ष्म्या उठल्या आणि सोयाबीन अजून कापणीला आले नाही, असे जे थोडे दिवस भाद्रपदात मिळतात, तेच शेतकऱ्याच्या घरचे मोकळे दिवस. पितृपक्षात लग्नकार्ये नसल्याने लॉजमध्ये खोलीही सहज मिळते. शक्यतो शनिवार-रविवार टाळावा.

दुसरा प्रश्न संमतीचा, आणि तोच सर्वांत अवघड. माझी माय म्हणाली, “दोघंच जाऊन काय करसान बाप्पा? लोकं काय म्हणतीन?” अशा वेळी अनेकजण देवदर्शनाचे निमित्त पुढे करतात. मला ते योग्य वाटत नाही. निमित्त देवाचे केले की सोबतीला आणखी दोघे निघतात, आणि सहलीचा हेतूच बुडतो. शिवाय मायच्या बोलण्यात एक खरी अडचण दडलेली असते : म्हशीचे दूध कोण काढणार, स्वयंपाक कोण करणार, लेकराला कोण सांभाळणार? तिचे उत्तर आधी तयार ठेवावे. मी दोन दिवस कॉलेज बुडवून चूल सांभाळली, पुतणी माझ्याजवळ झोपली आणि धारा बाबांनी काढल्या. व्यवस्था झाली तेव्हा लोकांचा प्रश्न आपोआप मागे पडला.

तिसरा प्रश्न ठिकाणाचा. आमचे गाव मूर्तिजापूर तालुक्यात. पश्चिमेला अकोला, पूर्वेला अमरावती. अकोल्यात मोर्णेकाठचा असदगड आहे, राजराजेश्वराचे मंदिर आहे, कृषी विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर आहे. तेथून जवळच बाळापूरला मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर किल्ला आणि मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे. आकोट तालुक्यातला नरनाळा किल्ला तर प्रसिद्धच आहे. त्याचा महाकाली दरवाजा कोरीव कामासाठी पाहण्यासारखा आहे. मात्र तो भाग जंगलाचा असल्याने वनविभागाचे नियम आधी विचारून घ्यावेत. इतके असूनही आम्ही अकोला सोडले. कारण साधे आहे : दादाचा बाजार अकोल्याचा. पावलोपावली कोणीतरी “काय पाटील, इकडं कुठं?” म्हणून विचारणार. ओळखीचे शहर एकांताच्या कामाचे नाही.

चिखलदराही विचारात घेतला. सुमारे १,१०० मीटर उंचीवरचे हे विदर्भाचे थंड हवेचे ठिकाण परतवाड्यावरून घाट चढून गाठता येते. भीमाने कीचकाला मारून टाकले ती दरी, भीमकुंड आणि १८०३ साली इंग्रजांनी जिंकलेला गाविलगड, हे सारे तेथे आहे. पण पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी तेथे मोठी गर्दी होते, आणि जाण्यायेण्यातच दोन दिवसांतला बराच वेळ जातो. ज्यांना तीन दिवस मिळतात त्यांनी खुशाल जावे.

शेवटी अमरावती ठरली. मूर्तिजापूरहून रेल्वेने बडनेरा तासाभराच्या आत येते. एसटीने गेल्यास २०२३ च्या मार्चपासून स्त्रियांना अर्धे तिकीट आहे, म्हणजे दोघांचा प्रवास दीड तिकिटात होतो. रस्ताही उत्तम आहे. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर एका पदराचा ७५ किलोमीटर डांबरी रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनेस बुकात विक्रम नोंदवला गेला. जो रस्ता पाच दिवसांत झाला, त्यावरून दोघांना निघायला सहा वर्षे लागली!

चौथा प्रश्न खोलीचा. हा विषय आपल्याकडे कुजबुजत बोलला जातो, म्हणून मी मुद्दाम स्पष्ट लिहिते. एका लॉजवर मी फोन केला, तेव्हा ‘लग्नाचा दाखला आणा’ असे उत्तर मिळाले. वहिनीच्या आधार कार्डावर अजून माहेरचे नाव आहे, एवढेच त्याचे कारण. वास्तविक दोन सज्ञान माणसांनी एका खोलीत उतरण्यास मनाई करणारा कोणताही कायदा नाही. दोघांची ओळखपत्रे पुरतात. तरी ऐनवेळी दारातून परत फिरण्याचा अपमान नको म्हणून आधी फोन करून सारे विचारावे, भाडे व पाणी-पंख्याची सोय ठरवावी आणि मगच निघावे. दुसऱ्या लॉजवर विनातक्रार खोली मिळाली.

पाचवा प्रश्न कार्यक्रमाचा. येथे माझा सल्ला एकच : अर्धा दिवस रिकामा ठेवा. पहिल्या दिवशी सकाळी अंबादेवी आणि एकवीरा, दुपारी विश्रांती, संध्याकाळी वडाळीचा तलाव. दुसऱ्या दिवशी वडाळीचेच बांबू उद्यान, राजकमल चौकात थोडी खरेदी आणि परतीची गाडी. मध्ये कुठेतरी गिला वडा खावा. अमरावतीला जाऊन तो न खाणे बरे नव्हे. जेवण, खोली आणि प्रवास धरून एकूण खर्च चार हजारांच्या आत राहिला. तो वहिनीने शिलाईच्या पैशांतून वर्षभर साठवला होता.

परत आल्यावर मी वहिनीला काय काय पाहिले ते विचारले. तिने तलावाचे नाव घेतले नाही की देवीचे. ती म्हणाली, “ताई, तुमचे भाऊ बोलतात बरं का! मला वाटलं होतं त्यांना बोलताच येत नाही.” कर्जाची खरी रक्कम दादाने तिला त्या संध्याकाळी पहिल्यांदा सांगितली होती. तेव्हापासून आमच्या घरचा हिशेब दोघे मिळून करतात.

म्हणून मला वाटते की, सहल ही चैन नव्हे. ज्या घरात भिंती कमी आणि माणसे जास्त, तेथे ती गरजच आहे. आपल्यापैकी अनेकजण घरातले पहिलेच कॉलेजात आलेले आहोत. वेळापत्रक वाचणे, फोनवर निर्भयपणे चौकशी करणे, अर्ज भरणे, एवढे तरी आपल्याला येते. त्या विद्येचा थोडा उपयोग यंदाच्या भाद्रपदात आपल्या दादा-वहिनीसाठी, किंवा त्याहून बरे म्हणजे आई-बाबांसाठी, करून पाहण्यास काय हरकत आहे?