कलमी फांदी

संगणकातील जागा अपुरी पडू लागली, किंवा त्यातील मजकुराची दुसरी प्रत जपून ठेवावयाची असली, म्हणजे बाहेरची हार्ड डिस्क उपयोगी पडते. हातात मावेल एवढ्या ह्या पेटीत चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या असतात. पुष्कळ पेट्यांत त्या मिनिटास ५४०० फेरे घेतात. पेटी यूएसबीच्या तारेने संगणकास जोडतात; परंतु तार जोडली म्हणजे काम संपले असे नव्हे.

हेलसिंकी येथील लिनस टोर्वाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने १९९१ साली आरंभिलेल्या लिनक्स प्रणालीत सर्व फाइलींचा मिळून एकच वृक्ष असतो. गीतेतील अश्वत्थाप्रमाणे त्याचेही मूळ वर आणि शाखा खाली! बाहेरून आलेली डिस्क ह्या वृक्षावर कलमासारखी जोडावी लागते. ह्यासच माउंट करणे म्हणतात. त्यासाठी एखादे रिकामे फोल्डर निवडावे. त्यात आधीच्या फाइली असल्या, तर डिस्क जोडलेली असेपर्यंत त्या झाकल्या जातात. नाहीशा मात्र होत नाहीत.

नवी डिस्क दिसताच प्रणाली तिला ‘एसडीबी’ असे काहीतरी नाव देते. हे नाव डिस्क सापडण्याच्या क्रमावर अवलंबून असते. आज जी ‘एसडीबी’, ती उद्या ‘एसडीसी’ होऊ शकते. म्हणून फॉरमॅट करण्यापूर्वी ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा द्यावी आणि नावासमोरचे आकारमान पडताळून पाहावे. चुकीच्या नावावर आज्ञा गेली, तर घरातील वर्षानुवर्षांची छायाचित्रे हातची जावयाची.

सर्वांत नाजूक वेळ डिस्क काढतानाची. नक्कल पूर्ण झाली असे पडद्यावर दिसले, तरी ती डिस्कवर उतरली असेलच असे नाही. गर्दीच्या वेळी दुकानदार विक्री पाटीवर टिपतो आणि सवडीने वहीत उतरवतो. लिनक्सचेही असेच आहे. डिस्कपेक्षा रॅम फार वेगवान. म्हणून मजकूर प्रथम रॅममध्ये राहतो व थोड्या वेळाने, एरवी अर्ध्या मिनिटाच्या सुमारास, डिस्ककडे जाऊ लागतो. मजकूर मोठा असला, तर अधिकच वेळ लागतो. तेवढ्यात कोणी वहीच उचलून नेली, तर पाटीवरचा हिशेब तीत कसा यावा? मध्येच तार ओढल्यास फाइल अर्धवट राहते. क्वचित सारी मांडणीच बिघडते.

ह्यासाठी प्रथम अनमाउंटची आज्ञा द्यावी. ती मिळताच प्रणाली उरलेला मजकूर डिस्कवर उतरवते आणि मगच कलम सोडवते. कधी कधी ‘डिस्क कामात आहे’ असे उत्तर येते. हा तिचा हट्ट नव्हे. डिस्कवरील एखादी फाइल कोठेतरी उघडी राहिलेली असते. ती मिटून आज्ञा पुन्हा द्यावी, तबकड्यांची घरघर थांबू द्यावी आणि मग तार काढावी.