आधी चिंचोके, मग चर्चा

मैत्रिणींनो, ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायलाच हवी, असा आपल्याकडे कायदा आहे. पण तिथंही पहिली बोलणारी 'सभामंडप' म्हणाली की बाकीच्या माना डोलावतात! मंडप दिसतो, त्यावर पाटी लागते. जमिनीखालची गळकी पाइपलाइन कुणाला दिसते?

पश्चिम बंगालमध्ये प्रधानपद स्त्रियांसाठी राखीव असलेल्या पंचायतींत पिण्याच्या पाण्याची कामं जास्त झाली, असं राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी २००४ मध्ये दाखवलं. गरज आधीही होतीच ना!

आम्ही चर्चेआधीच आडोशाला कामांची चित्रं लावलेले डबे ठेवतो. प्रत्येकीला पाच चिंचोके. अक्षरओळख नसलेली आजीसुद्धा सुनेच्या तोंडाकडं न बघता टाकते. मोजणी मात्र सगळ्यांसमोर. आणि हो, पुढं दुरुस्ती कोण करणार, हेही त्याच बैठकीत ठरवून घ्या.