ज्येष्ठांसाठी लॅपटॉप निवडताना

वाचकहो, लॅपटॉपची खरेदी हा डॉक्टरने लिहावा असा विषय नव्हे, असे आपल्याला वाटेल. काही वर्षांपूर्वी मलाही तसेच वाटले असते. परंतु तालुक्याच्या गावी अनेक वर्षे दवाखाना चालवताना एक गोष्ट ध्यानात आली आहे. रुग्णाच्या तक्रारीचे मूळ पुष्कळदा त्याच्या घरातील एखाद्या वस्तूत असते. कधी न्हाणीघराची गुळगुळीत फरशी, कधी खोल बसणारी खुर्ची, कधी उंच उशी. त्या यादीत आता लॅपटॉपचीही भर पडली आहे.

आमच्या गावात एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. वय ७७. सारे गाव त्यांना 'सर' म्हणते. निवृत्तीनंतर ते आपल्या शाळेच्या आठवणी लिहीत आहेत, पत्नीच्या औषधांची व रक्तदाबाची नोंदही स्वतःच ठेवतात. हे सारे काम अकरा वर्षांच्या जुन्या लॅपटॉपवर चाले. मान दुखते, मधूनच चक्कर येते, अशी तक्रार घेऊन ते माझ्याकडे आले. मी मानेचा एक्स-रे काढवला. त्यात मणक्यांची झीज दिसली. या वयात ती बहुतेकांच्या एक्स-रेमध्ये दिसते. गोळ्या दिल्या, पट्टा दिला, व्यायाम सांगितले. तीन महिने उतार पडला नाही.

एके दिवशी काकूंचा रक्तदाब पाहण्यासाठी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा सर जेवणाच्या टेबलाशी बसून लिहीत होते. हनुवटी वर, मान मागे कललेली, नजर मात्र खाली. त्यांचा चष्मा प्रोग्रेसिव्ह, म्हणजे जवळचे पाहण्याचा भाग काचेच्या तळाशी. अंधूक झालेल्या स्क्रीनवरील अक्षरे त्या भागातून वाचण्यासाठी ते रोज दोन-तीन तास मान मागे टाकून बसत होते. मी एक्स-रेवर उपचार करीत राहिलो आणि दुखण्याचे कारण टेबलावर होते. हा प्रश्न मी पहिल्याच भेटीत विचारायला हवा होता.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट दिसली. लॅपटॉपचा टचपॅड फुगून वर आला होता. आतील बॅटरी फुगल्याचे ते लक्षण. तो लॅपटॉप त्या दिवसापासून वापरू नका, चार्जिंगलाही लावू नका, असे मी बजावले. पुण्याच्या लेकीने आठवड्याभरात नवा लॅपटॉप पाठवला. महागाचा, वहीसारखा पातळ, १३ इंची, चकचकीत स्क्रीनचा. "छान आहे," असे सरांनी तिला फोनवर सांगितले.

चार महिन्यांनी काकू एकट्याच दवाखान्यात आल्या. "डॉक्टर, हे हल्ली नुसते खिडकीशी बसून असतात. लिहिणे सोडले आहे. काही विसरायला तर लागले नाहीत ना, ते एकदा पाहा." मलाही काळजी वाटली. थायरॉइड, बी-१२ तपासले, स्मरणशक्तीची चाचणी घेतली, नैराश्याची लक्षणे विचारली. सारे ठीक होते. अखेरीस सहज विचारले, "सर, लेखन कुठवर आले?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अहो, त्या नव्या यंत्रावर अक्षरेच दिसत नाहीत. अनुस्वार आहे की नाही ते कळत नाही. लेकीने एवढे पैसे घातले, तिला कोणत्या तोंडाने सांगू?"

पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. त्याआधी अशी खरेदी आपल्या घरी होणार असेल, तर काय पाहावे ते क्रमाने पाहू.

जुना लॅपटॉप केव्हा बदलावा?

प्रत्येक जुना लॅपटॉप टाकून द्यावा लागत नाही. केवळ संथ चालत असेल, तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवल्याने आणि रॅम वाढवल्याने कित्येकदा तो आणखी काही वर्षे चांगला चालतो. हाताला सरावलेला कीबोर्ड कायम राहतो, हा ज्येष्ठांच्या दृष्टीने मोठाच लाभ.

मात्र काही कारणे अशी आहेत की बदल टाळू नये. पहिले कारण फुगलेली बॅटरी. ती दाबू नये, टोचू नये, घरच्या कचऱ्यात टाकू नये, कारण ती पेट घेऊ शकते. जाणकार दुरुस्ती केंद्रातून ती काढून घ्यावी. बाकीचा लॅपटॉप सुस्थितीत असेल, तर योग्य बॅटरी बसवून तो वापरताही येतो. दुसरे कारण सुरक्षिततेचे. विंडोज १० या प्रणालीला मिळणारा मोफत नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. साधारणपणे २०१८ पूर्वीच्या प्रोसेसरचे बहुतेक लॅपटॉप विंडोज ११ साठी पात्र ठरत नाहीत. ज्या लॅपटॉपवरून बँकेचे व्यवहार होतात, तो सुरक्षिततेच्या सुधारणांविना वापरणे म्हणजे मोडक्या कडीच्या घरात झोपणे होय. तिसरे कारण शरीराचे. स्क्रीन इतकी मंद झाली असेल की वाचण्यासाठी पुढे वाकावे लागते, तर ती बदलण्याची वेळ आली आहे.

डोळ्यांसाठी: स्क्रीन

वय वाढते तशी बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर पडते. दृष्टिपटलापर्यंत कमी प्रकाश पोहोचतो. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर चकाकीचा त्रासही वाढतो. म्हणून पैसे खर्च करायचेच असतील तर ते प्रथम स्क्रीनवर करावेत.

आकार १५.६ किंवा १६ इंच असावा. स्क्रीन चकचकीत नसून मॅट असावी, म्हणजे खिडकीचे व दिव्याचे प्रतिबिंब पडत नाही. उजळपणा 'निट' या एककात सांगतात. ३०० निट वा अधिक असल्यास उजेडाच्या खोलीत वाचणे सुकर होते. रेझोल्यूशन किमान फुल एचडी, म्हणजे १९२० गुणिले १०८० असावे. आपल्या देवनागरीसाठी हे विशेष महत्त्वाचे. मात्रा, अनुस्वार, रफार, जोडाक्षरे यांचे बारीक आकार कमी रेझोल्यूशनच्या स्क्रीनवर एकमेकांत मिसळतात. फुल एचडीवर अक्षरे बारीक दिसली तरी सेटिंगमध्ये 'स्केल' १२५ किंवा १५० टक्के केले की ती मोठी व रेखीव होतात.

दुकानात जाताना रोजचा चष्मा घालूनच जावे आणि मराठी मजकूर उघडून वाचून पाहावा. रोज तासन् तास काम असेल, तर नेत्रतज्ज्ञांना स्क्रीनचे अंतर, साधारण हातभर, मोजून सांगावे आणि केवळ त्या अंतरासाठी वेगळा चष्मा करून घ्यावा. सरांच्या मानेला गोळ्यांपेक्षा या चष्म्यानेच अधिक उतार पडला. निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांसाठी मात्र जादा पैसे मोजण्याची गरज नाही. त्यांनी डोळ्यांचा ताण कमी होतो याला सबळ पुरावा नाही. स्क्रीन पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते आणि डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनी नजर दूरवर न्यावी आणि जाणीवपूर्वक पापण्या मिटाव्यात, हा उपाय अधिक उपयोगी आणि फुकटचा.

हातांसाठी: कीबोर्ड आणि माऊस

बोटांची सांधेदुखी किंवा हाताला कंप असणाऱ्यांना टचपॅड त्रासदायक ठरतो. एक साधा माऊस सोबत घ्यावाच. कीबोर्डवरील अक्षरे ठळक असावीत, कळांमागे प्रकाश असल्यास उत्तम. कंपामुळे एकच अक्षर अनेकदा उमटत असेल, तर विंडोजमधील 'फिल्टर कीज' ही सोय चालू करावी. लागोपाठ उमटणारी नको असलेली अक्षरे त्यामुळे टळतात. टंकलेखन जमतच नसेल, तर गूगल डॉक्समध्ये मराठीत बोलून लिहिता येते. ज्यांना इन्स्क्रिप्ट पद्धत येते, त्यांनी देवनागरी स्टिकर लावून घ्यावेत.

मानेसाठी आणि त्वचेसाठी: ठेवण्याची जागा

लॅपटॉपची रचनाच अशी की स्क्रीन नजरेच्या उंचीवर आणली तर हात वर राहतात आणि कीबोर्ड हाताशी आणला तर मान वाकते. म्हणून रोजच्या वापरासाठी लॅपटॉप उंचवट्यावर ठेवावा आणि कीबोर्ड वेगळा जोडावा. स्क्रीनची वरची कड नजरेच्या पातळीवर असावी. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर ती त्याहून थोडी खाली असावी.

नावात 'लॅप' असला तरी लॅपटॉप मांडीवर घेऊ नये. त्याच्या उष्णतेने मांडीवर जाळीसारखे तांबूस-तपकिरी डाग पडलेले आढळतात. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांना चटका जाणवतही नाही. पेसमेकर असलेल्यांनी लॅपटॉप छातीवर ठेवून झोपून पाहू नये. त्यात लहान चुंबके असतात, तेव्हा पेसमेकरपासून किमान १५ सेंटिमीटर अंतर राखावे. चार्जरची वायर येण्याजाण्याच्या वाटेवर पसरू देऊ नये. वायरीत पाय अडकून पडल्याने खुब्याचे हाड मोडू शकते. धातूच्या लॅपटॉपला हात लावताना मुंग्या आल्यासारखे वाटत असेल, तर तीन पिनांचा, अर्थिंग असलेला सॉकेट वापरावा.

कानांसाठी

परदेशातील नातवंडांशी बोलणे हे अनेक घरांत लॅपटॉपचे मुख्य काम असते. पातळ लॅपटॉपचे स्पीकर बहुधा तळाशी असतात, आवाज टेबलात दबतो. दुकानात एखादे भाषण लावून शब्द कळतात का ते पाहावे. श्रवणयंत्र असेल तर ते लॅपटॉपला जोडता येते का, हे खरेदीपूर्वी तपासावे. सगळीच यंत्रे जोडली जात नाहीत.

आतील सामग्री

पत्रे, बँक, व्हिडिओ कॉल आणि फोटो एवढ्या कामासाठी खेळांचे ग्राफिक्स कार्ड नको. १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी असल्यास पुढील काही वर्षे चिंता नाही. तो पैसा परवडत नसेल तर ८ जीबी घ्यावी, परंतु रॅम पुढे वाढवता येईल असेच मॉडेल निवडावे. पेन ड्राइव्हचे नेहमीचे रुंद यूएसबी पोर्ट आहे ना, ते पाहावे. दुरुस्ती केंद्र गावाजवळ आहे का, हेही विचारावे.

एक गोष्ट डॉक्टर म्हणून आवर्जून सांगतो. अँजिओग्राफी, सीटी स्कॅन, एमआरआय यांच्या सीडी अनेक घरांत असतात. नव्या लॅपटॉपांत सीडी ड्राइव्ह बहुधा नसतो. जुना लॅपटॉप देऊन टाकण्यापूर्वी त्या सर्व सीडी, डिस्चार्ज कार्डे आणि औषधांच्या याद्या बाहेरील हार्ड डिस्कवर उतरवून घ्याव्यात. मध्यरात्री रुग्णालयात 'स्टेंट कधी बसवला, कोणता?' असे विचारले जाते, तेव्हा त्या कागदांची किंमत कळते.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

नव्या लॅपटॉपवर चिन्हे जुन्याच जागी मांडून द्या. पार्श्वभूमीचे चित्रही तेच ठेवा. ज्यांना विस्मरणाची सुरुवात आहे, त्यांना ओळखीची मांडणी फार आधार देते. त्याच कारणाने विंडोज वापरणाऱ्याला एकदम दुसऱ्या प्रणालीकडे नेऊ नका. नेहमीच्या चार-पाच कामांच्या पायऱ्या मोठ्या अक्षरांत वहीत लिहून द्या.

फसवणुकीची कल्पनाही त्याच दिवशी द्या. 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या क्रमांकावर फोन करा' असा संदेश आला तर फोन करायचा नाही. कोणाच्याही सांगण्यावरून लॅपटॉपचा ताबा देणारे अ‍ॅप घ्यायचे नाही. 'डिजिटल अटक' असा प्रकार कायद्यात नाही. पैसे गेलेच तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार करायची. घरच्यांनी रागावायचे नाही, हेही तितकेच आवश्यक. रागाच्या भीतीने माणसे लपवतात आणि हाती असलेला मोलाचा वेळ जातो.

सरांच्या घरी पुढे काय झाले? मी त्यांच्या संमतीने लेकीला फोन केला. तिला वाईट वाटले, पण रागावली नाही. लॅपटॉप परत करण्याची मुदत टळून गेली होती. मग त्याला २४ इंची मॅट मॉनिटर, ठळक अक्षरांचा कीबोर्ड आणि माऊस जोडला. लॅपटॉप तोच राहिला, सरांपुढची स्क्रीन बदलली. मान अजूनही अधूनमधून दुखते, झीज काही पुसली जात नाही. पण चक्कर थांबली आणि लेखन पुन्हा सुरू झाले. परवा त्यांनी १९७२च्या दुष्काळातील शाळेविषयीचे प्रकरण मला वाचायला दिले. अनुस्वार सगळे जागच्या जागी होते.

तेव्हा मुलामुलींनो, आई-वडिलांना नवा लॅपटॉप जरूर द्या. पण आठ दिवसांनी 'आवडला का?' असे विचारू नका, उत्तर 'छान आहे' असेच येईल. त्यांच्या शेजारी खुर्ची घेऊन बसा आणि म्हणा, "यावर काय लिहिलेत, मला जरा दाखवा." ते कसे बसतात, किती पुढे वाकतात, कुठे थांबतात, हे तुम्हाला तिथेच दिसेल.